वाढत्या मापाचं

मेयोच्या एक्स-रे खोलीत दिवसाला साठेक हाडं बघते मी,
निम्मी तरी दुचाकीवरून आलेली.
म्हणून उत्पला जेव्हा म्हणाली, "आई, मले डर्ट बाइक पायजे,"
तेव्हा तिचा चेहरा मला दिसलाच नाही.
आधी मनगट दिसलं.

तेरा वर्षं. चार फूट सात इंच.
वजन चौतीस, तेही दप्तरासकट.

तिचा बाप म्हणाला, "घ्याचीच तर मोठी घे,
वाढून राहिली ना पोट्टी."
आमच्याकडे सगळं असंच आलं :
बूट दोन नंबर पुढचे, बोटांपुढे कापूस,
स्वेटरच्या बाह्या तीनदा दुमडलेल्या.
मी सायकल शिकले ती दादाची, चोवीस इंची,
दांड्याखालून पाय घालून, कैची मारत,
एक खांदा वर, एक खाली.
सीटवर बसण्याएवढी झाले
त्या महिन्यात ती विकली.

गड्डीगोदामात ऑगस्टिनमामाच्या गॅरेजात दोन गाड्या होत्या.
एक सव्वाशेची, टू-स्ट्रोक, सदरच्या कुण्या पोराची,
चकाचक, नुसती उभी असूनही घाईत.
उत्पलाला तिच्यावर बसवावं लागलं.
दोन्ही पाय अधांतरी.
"जमते मले," ती म्हणाली,
ज्या आवाजात इंजेक्शन दुखलं नाही म्हणते
त्याच आवाजात.

दुसरी लहान, जुनी, फोर-स्ट्रोक,
उन्हानं पिवळट पडलेलं पांढरं प्लास्टिक,
टाकीवर कुणीतरी खरवडून काढलेलं नाव.
तिच्याकडे उत्पलानं पाहिलंही नाही.

मामानं काही समजावलं नाही.
चहाचा ग्लास बाकावर ठेवला
आणि दोन्ही गाड्या तेलकट फरशीवर आडव्या केल्या.
"गाडी तर पडनच, बाई. पयल्या दिवशी दहादा पडन.
तिची तिले उचलता आली पायजे. बस."

सव्वाशेची हलली नाही.
हलली म्हणजे, जराशी, कीव केल्यासारखी.
मग लहानीशी झोंबली ती.
"हातानं नाही बे, पायानं. पाठ लाव सीटले, बस खाली,
हँडल धर, आन् मागं मागं चाल."
एकदा सुटली. दुसऱ्यांदा घोट्याला लागली,
मी पुढे झाले तर मामानं नुसता पाना आडवा धरला.
तिसऱ्यांदा उठली.
गाडीसोबत उत्पलाही कुठूनतरी उठून आली,
कानशिलं लाल, आणि पहिल्यांदाच
टाकीवरच्या त्या खरवडलेल्या नावावरून बोट फिरवलं तिनं.

बेचाळीस सांगितले, छत्तीसवर आणले मी.
हेल्मेटचा भाव मात्र पाडला नाही.
मामानं फोम दोन बोटं कापला,
आखूड बोटांसाठी क्लचचा लिव्हर आत घेतला,
मुठीपाशी एक स्क्रू आवळला : "दोन महिने एवढीच फिरन."

या वयात हाडाच्या टोकाशी एक काळी रेघ असते.
शिकायला आलेली पोरं तिला फ्रॅक्चर समजतात, घाबरतात.
मी म्हणते, मोडलं नाही रे ते. तिथून वाढतंय.
त्या रात्री मला ती रेघ सारखी आठवत राहिली.
दोन्ही अर्थांनी.

रविवारी उमरेड रोडचा एक न विकलेला लेआउट.
बोर्डावर बाग, कारंजं, हसरं कुटुंब;
खाली नुसती तुराटी आणि नंबर टाकलेले दगड.
नऊ वेळा बंद पडली गाडी.
दहाव्यांदा क्लच हळू सुटला आणि ती निघाली,
प्लॉट चौदा, पंधरा, सोळा,
अजून वीटही न लागलेल्या घरांच्या
हॉलमधून, स्वयंपाकघरातून, कुणाच्या तरी झोपायच्या खोलीतून
धूळ उडवत आरपार.

सत्तावीसवर पडली.
धावायचं नाही असं ठरवलं होतं मी. धावले.
पोचेपर्यंत तिची पाठ सीटला लागली होती,
टाचा मातीत रुतलेल्या,
मागं मागं.

"पुढच्या वर्षी लहान पडन ही," तिचा बाप म्हणाला.
"पडू दे," म्हटलं.
लहान पडलेली वस्तू
आमच्या घरात अजून कुणी पाहिलीच कुठे आहे.