शुक्रवारची नोंद

शुक्रवारी सभागृह लवकर ओसरतं.
उत्तरेकडची गाडी पकडायची असते सगळ्यांना.
तीनशे एकोणपन्नास खुर्च्या आणि माणसं सात,
त्यातला एक डुलक्या काढतोय.
मला मोजलेलं नाही.
लघुलेखक म्हणजे दोन हात, आणि हातांना मत नसतं.

गुनवोर ल्युंगदाल उभ्या राहिल्या.
बीटच्या शेतांनी निवडून दिलेली बाई,
गुडघा दुखरा, आवाज डेअरीच्या यंत्रांवर चढवून कमावलेला.
हाताशी चार मिनिटं, एक कागद.

म्हणाल्या, अमाराच्या बाजारात सोनार होते,
वाहत्या पाण्यात उतरून देवाचं नाव घेणारे,
शस्त्राला हात न लावणारे.
म्हणजे सोपे.
घाबरवायला सोपे, हुसकायला सोपे,
आणि विसरायला तर फारच.
मग म्हणाल्या, नावं वाचते.

झहरून.
साम, वय एकोणीस.
नसीमा, नवऱ्याचा तराजू परत मागायला गेलेली.
बिहराम.

इथे बाई थांबल्या. अकरा सेकंद.
आमच्या नियमांत टाळ्या कंसात लिहिता येतात,
सभात्यागाचीही नोंद होते.
शांततेची सोय नाही.
मी बोटं यंत्रावर तशीच धरून बसलो.

मंत्री उठले. तोलूनमापून बोलले.
'गंभीर चिंता' हे शब्द
यंदा एकतीस वेळा लिहिलेत मी,
बोटं आता मंत्र्यांच्या आधीच
पूर्णविरामापाशी जाऊन उभी राहतात.
'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.'
खोटं नव्हतं ते. गुंजभर खरंही असेल :
दूतावासातून गेलेलं एक पत्र,
न आलेलं एक उत्तर.

गुनवोरबाई पुन्हा उठल्या, खुर्चीला धरून.
लक्ष ठेवायला पहारेकरी पुरतो, म्हणाल्या.
व्हिसा कोण देणार?
मंत्री म्हणाले, ते खातं माझं नाही.
हे मी जसंच्या तसं लिहिलं.

दुपारी मी चिठ्ठी पाठवली, नेहमीसारखी :
नावांची अक्षरं तपासून हवीत.
बाईंनी कागद पाठवला नाही, माणूस पाठवला.
अनहार. सकाळभर प्रेक्षकसज्ज्यात बसलेली,
कोट मांडीवर घडी करून.
माल्मोत दातांच्या टोप्या घडवते म्हणाली,
घरातलं कसब, धातू तेवढा बदलला.

पडद्यावर वाकली ती,
एक डोळा बारीक करून, हिणकस शोधावं तशी.
झहरून ठीक. साम ठीक. नसीमा.
मग बोट टेकवलं.
'बिराम नाही. मध्ये ह आहे.'
मी म्हटलं, ऐकू आला नाही.
'नाहीच येत,' ती म्हणाली, 'नुसता श्वास असतो.
पण तो काढलात तर हा दुसराच कुणीतरी होतो.'

मी ह घातला.
ती बघत राहिली, तो जागेवर बसेपर्यंत.
विचारायचं नसतं, तरी विचारलं, भाऊ?
'काका. माझे कान त्यानंच टोचलेत.'
आणि केस मागे सारून
दाखवलं एका अनोळखी कारकुनाला
ते टाचणीएवढं, नेमकं भोक.

आमची संसद बेटावर आहे.
दोन्ही अंगांनी पाणी धावतं,
इतकं जोरात की थंडीतही गोठत नाही.
सव्वीस वर्षं मी त्याला फक्त आवाज समजत आलो,
खिडकी लावून घ्यायचं कारण.

अनहार पायऱ्या उतरून काठाशी गेली.
बूट काढले. मोजे काढले.
वाकून उजव्या हाताची बोटं भिजवली,
कपाळाला लावली,
पुन्हा, आणि पुन्हा एकदा.
शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं
काही न विचारता
आपली बादली जरा पलीकडे सरकवली.

मी यंत्राशी परत आलो.
पुढची बाब, फेरीबोटींचं अनुदान.
तिथे मात्र
कंसात टाळ्या होत्या.