कर्ता

टॅलिनच्या बंदराजवळ, जिथे पूर्वी मीठ साठवायचे,
त्या सभागृहाच्या मागच्या भिंतीला आमची काचेची पेटी.
दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा जग,
आणि संज्ञांची यादी, रात्री जागून पाठ केलेली.
अर्धा तास ऊर्मस, अर्धा तास मी.
चाळीस देशांचे कान आमच्या जिभेला बांधलेले.

सकाळपासून वाक्यं येत होती, इस्त्री करून.
'प्रक्रियेत त्रुटी आढळून आली.'
'हानी टाळता आली असती.'
'योग्य ते धडे घेतले गेले.'
कुणी घेतले, शाळा कुठे भरली होती,
विचारायला वेळ नसतो. वक्ता पुढे गेलेला असतो
आणि मी दोन शब्द मागे,
दुसऱ्याच्या पावलात पाऊल ठेवून बर्फ ओलांडावा तशी.
पडद्यावर एक भलंमोठं निळं शून्य.
खाली लिहिलेलं: हानी.

सुट्टीत काळ्या पावावर खारवलेली मासळी.
कुणीतरी म्हणालं, इथे वारा फार.

जेवणानंतर, अर्धं सभागृह जडावलेलं असताना,
हेल्वे पिहलाक आली. दक्षिणेकडच्या
एका लहान गावातली नर्स.
स्लाइड नाही, कागद नाही.
एका हाताने दुसऱ्या हाताची बाही धरलेली.

ती म्हणाली, रात्रीचे तीन वाजून दहा.
मी म्हणाले, रात्रीचे तीन वाजून दहा.
ती म्हणाली, नऊ नंबरच्या खाटेवर एल्मार,
घड्याळं दुरुस्त करायचा.
मी म्हणाले, घड्याळं दुरुस्त करायचा.
ती म्हणाली, ट्रेमध्ये दोन कुप्या,
दोन्हींत पाण्यासारखं पाणी.
एकीत साधं मीठ. दुसरीत
पातळ केल्याशिवाय शिरेत सोडायचं नसतं ते.
ती म्हणाली, मी दिलं.

आणि माझ्या तोंडून गेलं:
'ते दिलं गेलं.'

वीस वर्षांची सवय.
जीभ अंधारातही मऊ जागा शोधते.
चाळीस देशांनी ऐकलं, माना हलवल्या,
कुणी वहीत टिपूनही घेतलं.
कुणाला काही टोचलं नाही.
एवढासा शब्द, त्याच्या जागी दुसरा,
तेवढाच पारदर्शक.
ऊर्मसची पेन्सिल तेवढी यादीवर थांबली.

हेल्वे पुढे निघाली होती.
एल्मारच्या मनगटावरचं घड्याळ नंतरही चालू होतं, सांगत होती,
मी ते बंद करायला गेले, तर मला किल्ली सापडेना.
ते मी नीट पोचवलं. किल्लीसुद्धा.
आमच्या धंद्यात मागे वळत नाहीत;
निसटलेला शब्द निसटू द्यायचा,
नाहीतर पुढचे दहा बुडतात.

मी माइक जवळ ओढला.
'दुरुस्ती. चूक दुभाषीची.
वक्त्या म्हणाल्या होत्या: मी दिलं.'

दिवसभर मी कुणाकुणाची 'मी' झाले होते.
मंत्र्यांची झाले, सुया विकणाऱ्यांची झाले,
आभार मानणाऱ्या अध्यक्षांची झाले.
कोट अंगावर घ्यावा आणि खुंटीला लावावा.
हा मात्र अंगावरून निघेना.
पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरने
कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं
आणि वळून काचेकडे पाहिलं. मग आणखी काहींनी.
व्यासपीठावर हेल्वे गोंधळून थांबली.

संध्याकाळी कोट परत घेण्याच्या रांगेत ती माझ्यापुढे,
मुठीत बिल्ला, एकशे सतरा नंबरचा.
आवाजावरून ओळखलं असावं तिने.
'मधेच सगळे मागे का बघत होते?'
मी सांगितलं. काय म्हणायचं होतं, काय म्हटलं.
तिने ऐकून घेतलं, रागावली नाही.
बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला.
मग विचारलं, 'लगेच सांगितलंत?'
'नाही. दोन वाक्यांनंतर.'

कोट आला. तिने एक बाही घातली,
दुसरी तशीच राहिली लोंबत.
'मला सात वाजले होते,' ती म्हणाली.