शाली

बाहेर चोपड्यात शेहेचाळीस.
डांबर चपलेला चिकटतंय,
आणि मशीन नंबर तीनवर मला हुडहुडी भरलीय.
रक्त बाहेर हिंडून परत येतं
ते थोडं गार होऊन येतं, एवढंच.
परमेश्वर ब्रदरनं न विचारता शाल टाकली.

मरून, जरीच्या काठाची.
कोपऱ्यात टाचणीसकट चिठ्ठी राहिलेली :
रजनीताई महाजन यांस, केळी उत्पादक मंडळाकडून सस्नेह.
गुरुवारी हिरवी होती, कुठल्याशा पतपेढीची.
सत्काराची शाल बाई घरी नेतच नाही.
नारळ ड्रायव्हरला. आम्हाला चालत नाही ते पाणी,
केळंसुद्धा नाही.
जन्म गेला केळीत, आणि आता घड दिसला
की मी रस्ता बदलतो.

बाई काही देवी नाही.
स्टँडमागच्या जिन्याखाली एका सूक्ष्मदर्शकावर
रक्त-लघवी तपासत सुरुवात केली,
आज आठ मशीनं आहेत, आवाजही आठांचा आहे.
"कितलं वजन वाढनं, आप्पा?"
मी म्हणतो घोटभरच प्यालो.
काटा म्हणतो अडीच किलो.

गेल्या उन्हाळ्यात पाणी संपलं तेव्हा
दोन रिकामे कॅन घेऊन
पालिकेच्या पायरीवर बसली होती, एकटी.
घोषणा नाही, काही नाही.
दुपारपर्यंत शेजारी पस्तीस कॅन.
संध्याकाळी केळी पिकवणाऱ्या शेठचा टँकर
स्वतःहून मागच्या दाराला लागला.

मी बत्तीस वर्षं सोसायटीचा सचिव.
बिलात तीनशे जास्त दिसले,
तर विचारणारच. विचारलं.
ती काही बोलली नाही,
नंबर चारकडे पाहिलं फक्त.
चारवर वैजापूरचा गुलसिंग बारेला,
वय एकवीस, पहाटेची जीप धरून येतो.
त्याचीही पावती फाटते, पूर्ण रकमेची,
कुणाच्या पैशानं ते त्याला ठाऊक नाही.
मी चष्मा पुसत बसलो.
पुन्हा विचारलं नाही.
पावती मात्र अजून मागून घेतो.

आता काउंटरवर तिचा फोन चाललाय,
अमळनेरचं कुठलं तरी मंडळ असावं.
"हार नको. मानपत्र नको, भिंत भरली.
शाल द्या ना, द्या की.
पण रेशमी नको हो, घसरते ती.
लोकरीची बघा. जाड.
आणि एक नको,
दोन द्या."

गुलसिंगचे पाय उघडे पडलेत.
माझा एक हात सुईत अडकलेला.
दुसऱ्या हातानं शाल ओढून
त्याच्यापर्यंत पुरते का, बघतोय.