अडतीस किलो

जालन्यात भंगाराच्या काट्यावर
घंटा अडतीस किलो भरली.
दुकानदारानं नखानं खरवडून पाहिलं,
म्हणाला, कासं आहे, पितळ नाही,
आणि एवढंच विचारलं, पावती लागेल?
मी नको म्हणालो.

काट्यावर ठेवताना ती एकदा वाजली.
लोलक मी चिंध्यांनी बांधला होता,
रात्री मोटारसायकलवर गप्प होती,
तिथं चिंधी सुटली असावी.
भोवती गज कापणारी पोरं,
गॅसच्या निळ्या जिभा, सळयांचा खणखणाट.
कुणी मान वर केली नाही.
मी केली.

पैसे सतरा दिवस पुरले.

मग अकरा वर्षं चाकणला.
लग्न केलं नाही, प्रार्थना केली नाही,
फक्त रविवारी साडेनऊला
हातातला पाना आपोआप खाली ठेवला जायचा.
सुपरवायझर म्हणायचा, काय रे, झोप लागली का?

ओबेदमामा गेल्याचं फोनवर कळलं.
पन्नास वर्षं दोर ओढणारा माणूस,
त्याच्या मातीला घंटा नव्हती.
पोरांनी रेल्वेच्या रुळाचा तुकडा
लिंबाला टांगून वाजवला म्हणे.
अजून तोच वाजवतात.

झावळ्यांच्या रविवारी उतरलो अंबड रस्त्याला.
मोसंबीच्या बागांमागून वाट तीच.
खिशात पाकीट, पाकिटात साठ हजार,
आणि एसटीत पाठ केलेली तीन वाक्यं.

ओबेदमामांची सुवार्तामावशी
लिंबाखालचा पाला झाडत होती.
एका डोळ्यात मोतीबिंदू.
मावशी, मी दाविद. शांतवनचा.
"वळखलं. बापावानी पाय फेकत चालतूस.
जेवलास का?"

मी पाकीट पुढं केलं. मावशी, ती घंटा,
त्या रात्री, मी...
पहिलंच वाक्य मोडलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.
खराटा थांबला नाही.
"मामाला बी म्हाईत व्हतं, दुसऱ्याच दिशी.
तुझ्या गाडीच्या चाकाची रेघ
पार येशीपस्तोर उमटली व्हती फुफाट्यात.
भल्या पहाटं उठून
त्यांनी झाडून काढली,
ह्याच खराट्यानं.
लोक उठायच्या आत."

खरं सांगू? मला राग आला.
अकरा वर्षं खाकी कापड दिसलं
की मी गल्ली बदलत होतो,
आणि इकडं खटला कधी उभाच नव्हता.
मला कुणीतरी भाव सांगायला हवा होता,
किलोला इतके, व्याज इतकं,
दोन शिव्या, एक कानफटात.
आता मलाच पावती हवी होती.

"मामा काही बोलले नाहीत?"
"बोलले ना. रोज रातच्याला.
तुझं नाव घ्यायचे परार्थनेत, माझ्या आधी.
मी चिडायचे. म्हणायचे, त्या चोराचं आधी?
तर म्हणायचे, तू हाईस की घरात."

मला उभं राहवेना.
मी पारावर बसलो.
तिनं पाकिटाकडं पाहिलंच नाही.
"पेटीत टाक, न्हाईतर ठेव.
घेणाऱ्यानं वही कव्हाच मिटली, बाबा,
तू मेलास तरी उघडणार न्हाई."
मग पदराखालून हातोडी काढली.
"साडेनऊ व्हत आले. माझा खांदा उचलंना.
मार दहा ठोके. जोरानं मार, सायबू बहिरा हाय."

रूळ घंटेसारखा वाजत नाही.
आवाज जातो आणि तिथंच पडतो.
तिसऱ्या ठोक्याला हात थरथरला,
सातव्याला मी मोजणं विसरलो.
पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत आली,
त्यांच्यामागं सायबू. त्याला ऐकू आलं होतं.

आत पाळकांनी माझ्या तळहातावर
भाकरीचा तुकडा ठेवला.
नखाएवढा.
मी काटा पाहिलेला माणूस,
अंदाज करत राहिलो, एक ग्रॅम? दोन?
हात खाली खाली जात होता.

शेजारून मावशी कुजबुजली,
"खा की आता.
माघं लोक उभे हाईत."