अठ्ठाविसावा

शुक्रवारी पुण्याला अहवाल जातो,
दोन पानं, इंग्रजीतून.
रेंज फक्त समाजमंदिराच्या जिन्यावर,
म्हणून तिसऱ्या पायरीवर बसते मी,
मांडीवर वही. वहीला अजून गाळाचा वास.

आजचं निरीक्षण एका ओळीचं:
उन्हाळ्यात बायांनी बेशरमी उपटली, गाद लावली,
त्या पाळीच्या कडेला दाढक परतला.

आय सॉ, लिहिते.
खोडते.
मी कुठं पाहिला? मला दिसला.
मांडीभर पाण्यात उभी होते,
जळवा किती लागल्या तेच मोजत होते खरं तर,
आणि पोटरीला काहीतरी चाटून गेलं,
बोटाएवढं, चकाकतं.
दिसायचं सगळं काम त्यानंच केलं.
मी वाक्यात नुसती 'मला' होते,
काठावर.
इंग्रजीत काठावर उभं राहायची सोय नाही.
तिथं 'आय' असतो, बांबू रोवल्यासारखा,
वाक्याच्या मध्यात आला तरी
मोठ्याच अक्षरात.

मग, इट वॉज ऑब्झर्व्ड.
साहेबांना हे आवडतं.
पण मग तलावावर कुणीच नाही,
ना मी, ना जळवा, ना पतीरामभाऊचा डोंगा.
दाढक लागला कुणाच्या पोटरीला?

आय नोटिस्ड बरं होतं,
पण नोटीस म्हटलं की
ग्रामपंचायतीच्या दारावरचा कागद आठवतो,
पाणीपट्टी थकलेल्यांची नावं,
त्यात वरून तिसरं आमचं.

इट सीम्स आमच्या बोलीतलंच वाटतं मला.
'दिसते बा तसा,' पतीरामभाऊ म्हणतो
ढगाला, तापाला, पोरीच्या स्थळाला,
आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो.
पुण्याहून मात्र ते लाल होऊन येतं:
नेमकं लिहा. किती? कुठे?
सत्तावीस, लिहिलं मागच्या वेळी.
अठ्ठाविसावा माझ्याच सावलीत शिरला होता.
तो धरायचा की नाही
हे लाखांदूरच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

एक शब्द मी कधीचा राखून ठेवलेला.
डिस्कव्हर्ड.
आज लिहिला, पेन जरा दाबून,
आणि देवकाबाईला वाचून दाखवला.
ती पायरीखाली जाळं सांधत होती, दातात दोरा.
'मंजे का वो?'
म्हटलं, जे कुणालाच ठाऊक नव्हतं
ते आपल्याला गवसणं.
तिनं दातातला दोरा काढला.
'कोनाले ठाऊक नोहोतं?'

रागावली नव्हती. खरंच विचारत होती,
जणू असा कुणी माणूस गावात राहतो
आणि तिला त्याची गाठ घालून द्यायची आहे.
'गाद असली का दाढक रायते,
बेशरमी आली का जाते.
माया मायनं सांगतलन मले,
तिले तिच्या मायनं.'
दोरा परत दातात.

मी शब्द खोडला नाही लगेच.
थोडा वेळ राहू दिला, पाहुण्यासारखा.
मग त्याच्या खाली लिहिलं,
साध्या, सहावीतल्या इंग्रजीत:
देवकाबाई वलथरे यांनी सांगितलं.
मी गेले.
तसंच होतं.

हेही लाल होईल कदाचित.
तिचं शिक्षण विचारतील, वय विचारतील.
वय तिलाही नक्की माहीत नाही,
तलाव फुटला त्या साली ती रांगत होती म्हणते.

पाठवायचंच होतं, पण
त्या 'चाटून गेलं'पाशी अडकले आहे.
लिक्ड म्हटलं तर कुत्रा येतो डोळ्यांपुढे,
टच्ड म्हटलं तर शाळेतला गुरुजी, छडी घेऊन.
काही मिळेना.
तेवढी जागा कोरी सोडली आहे ओळीत,
बोटाएवढी.
खाली अंधार झाला. पाण्यात कुठंतरी मरळ उसळली,
तिची नोंद नाही.