खिळ्यावरची किल्ली

सानिता डिस्क घेऊन आली तेव्हा
लिएपायाच्या कालव्यावर बर्फ धरायला लागला होता.
हातमोजे न काढताच तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली.
"हिची जुळी बहीण गेली. गाडीची काच फोडून.
लॉक होती. खोक्यावरच लिहिलंय,
हार्डवेअर एन्क्रिप्शन, दोनशे छप्पन्न बिट.
तू फक्त म्हण, काळजी करू नको."

मी म्हटलं नाही.
चार स्क्रू काढले. दोन तारा टेकवल्या
दातकोरण्याच्या टोकाएवढ्या जागेत.

खोक्यावर खोटं लिहिलं नव्हतं.
अक्षर न् अक्षर दळलं होतं आत,
इतकं बारीक, की सूर्य विझेपर्यंत वेचत बसलं
तरी पिठाचा पुन्हा दाणा होऊ नये.
पण पासवर्डचा त्या दळणाशी संबंधच नव्हता.
तो नुसता दारावरचा म्हातारा:
शब्द विचारायचा, जुळला की मान डोलवायचा.
आणि किल्ली त्याच्याच पाठीमागे, खिळ्याला.
मी म्हाताऱ्याला एवढंच शिकवलं
की कुणी काहीही म्हणो,
तू डोलव.

स्क्रीनवर पहिली ओळ उमटली.
तिनं ती तळहातानं झाकली.
मीही बघत नव्हतो, बंदरातली क्रेन बघत होतो.

"किती वेळ लागला?"
"तुझी कॉफी अजून गरम आहे."

मग तिनं हातमोजे काढले. फोन काढला.
अकरा बायका, अकरा नवे पत्ते.
त्यातल्या एकीचा नवरा पोलीस.
प्रत्येकीला तेच: आज रात्रीच निघायचं,
मुलांचे बूट विसरू नकोस.
सातवीनं काहीतरी विचारलं असावं.
सानिता गप्प राहिली. मग म्हणाली,
"होतं ना कुलूप. होतंच."

बारावी वेल्ता. तिला फोन करावा लागला नाही.
पत्त्याच्या रकान्यात तिनं पहिल्याच दिवशी
आडवी रेघ मारून ठेवली होती,
पेन इतकं दाबून, की खालच्या पानावरही उठली.
तेव्हा सगळे वैतागले होते तिच्यावर.
सानितासुद्धा.

डिस्क ती न घेताच गेली.
मी तीन स्क्रू परत बसवले, का कोण जाणे.
चौथा टेबलाखाली कुठंतरी घरंगळला.
तार अजून जोडलेलीच होती,
आणि डिस्कवर लहानसा हिरवा दिवा
सगळं बंद आहे, सगळं बंद आहे,
असं सांगत
पहाटेपर्यंत जळत राहिला.