दोन भोकं आणि मधला कोन

धडधाकट वॉशिंग मशीनची मोटर काढली इद्वाल काकानं,
आणि मोरव्हिद काकू तीन आठवडे
हातानं चादरी पिळत राहिली.
एक शब्द बोलली नाही.
तिचं न बोलणं खालच्या चॅपलपर्यंत ऐकू यायचं.

त्याआधी कोकोचा डबा झाला होता.
खिडकीच्या काचांना लावतात ती पुट्टी त्यात ठासून
शेडच्या आढ्याला चार दोऱ्यांवर टांगलेला.
एअरगनमधून छर्रा सुटायचा, पुट्टीत रुतायचा,
डबा मागे सरायचा जेमतेम वीतभर,
जेवण झालेल्या माणसानं खुर्ची सारावी तसा,
आणि पाठीला बांधलेली पेन्सिल
एक रेघ ओढून ठेवायची.
त्या रेघेवरून काका वर्गमुळं काढायचा
पाटीच्या तुकड्यावर. कागद विकत घेणं त्याला पटायचं नाही.
कुठकुठच्या गावांना छपरं दिली या डोंगरानं,
त्याच्या पायथ्याशी पाट्यांना काय तोटा.
पण दोऱ्या ओल धरायच्या, उत्तर रोज निराळं.
"दोरीचा भरवसा नाही," म्हणाला,
मांडीला साखळी गुंडाळून तीस वर्षं
खाणीच्या कड्याला लोंबकळलेला माणूस.

मग मोटर.
लांब दांडा, दांड्यावर दोन तबकड्या,
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेल्या,
एकीवर अर्धा वाडगा, एकीवर नुसता चमचा.
मधे बरोबर एक मीटर.
मिनिटाला चौदाशे फेरे. खिळ्यांच्या बरण्या
फळीवरून चालत निघायच्या.
छर्रा पहिलीतून पार होऊन दुसरीशी पोचेतो
दुसरी जराशी पुढे सरकलेली असायची.
त्या जराशात सगळं होतं.
छर्रा कधीच कुणाला दिसला नाही.
दोन भोकं दिसायची, आणि मधला कोन.

कोनमापक माझ्याकडे. शाळेतलं, टवका उडालेलं.
"किती?"
"सत्तेचाळीस."
"नीट बघ, लोवरी."
"सत्तेचाळीसच, काका."
खडू करकरला. सेकंदाला एकशे एकोणऐंशी मीटर.
छर्र्यांच्या डबीवर दोनशे दहा छापलं होतं.
मला वाटलं, हसेल.
"छापलेलं," एवढंच म्हणाला
आणि डबी पालथी ठेवली.

छापलेलं आणखी एक होतं घरात,
खणात, चमच्यांच्या खाली,
घरात बोलायचो त्या भाषेत नव्हे, कचेरीच्या:
भोंगा वाजल्यानंतर सदर इसमास
बाजूला होण्यास पुरेसा अवधी होता.
सुरुंगापासून साठ पावलं.
पावाएवढा दगड.
आणि सदर इसम, पाठमोरा, माझा बाप.

मी एकदाच विचारलं,
दगडाचा मोजता येईल का.
काकानं मोटर बंद केली.
ती लगेच थांबत नसे. तबकडीवरचं भोक
आधी नुसतं एक फिकट कडं असायचं,
मग कड्याचे तुकडे,
मग भोक.
तेवढा वेळ तो उभा राहिला, हात पुसत.
"दोन खुणा लागतात गं," म्हणाला.
"आपल्याकडे एकच आहे."

त्या हिवाळ्यात आणखी एकोणीस छर्रे.
थंडी वाढली तसा आकडा पाच-सहानं उतरला,
तोही त्यानं लिहिला, खाली रेघ मारून.
मग एक दिवस काकू ओली चादर घेऊन शेडच्या दारात,
एक टोक माझ्या हातात दिलं, दुसऱ्याला पीळ घालत
पाटीकडे न बघता म्हणाली,
"मग? डबीवाले खोटं बोलतात, हे तरी ठरलं ना?"
तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य.
काका म्हणाला, "ठरलं."

वसंतात मोटर परत मशीनमध्ये गेली.
नीट बसली नाही, मशीन धुता धुता दारापर्यंत यायचं.

डबी माझ्याकडे आहे. टाचण्या ठेवते.
झाकणावर दोनशे दहा खिळ्यानं खोडलंय,
शेजारी काकूच्या अक्षरात एकशे एकोणऐंशी.
खणातला कागदही आहे.
त्यावर कुणी काही खोडलेलं नाही.